दुपारी फोन करणार नाही

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

समोरासमोर बसलो की आपण दोघंही विषय बदलतो, म्हणून लिहितोय. मन कधी फार चढवणाऱ्या, कधी खोल बुडवणाऱ्या या बायपोलरच्या आजारपणानंतर सोमवारपासून तू कामावर परत जातेयस, अर्धवेळ का होईना. तू बजावलंस की दुपारी फोन करायचा नाही. आईला ते लागलं. मला विचारशील तर तुझं बरोबर आहे.

१९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने हॉस्पिटलमधून सुटलेल्या स्किझोफ्रेनियाच्या (भास-भ्रमांच्या आजाराच्या) पेशंटांचा माग ठेवला होता. आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेल्यांचा आजार भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा उलटला. पुढच्या अभ्यासांत त्यामागचं घरातलं वागणं दिसलं. सततची टीका, राग, आणि तिसरी गोष्ट म्हणजे काळजीपोटी उठता-बसता ठेवलेला पहारा. नंतर बायपोलरमध्येही हेच आढळलं. घरच्यांमुळे आजार होतो असा याचा अर्थ नाही, हे आईला मी समजावून सांगितलंय. उलट घरच्यांना आजार नीट कळला आणि न भांडता बोलता आलं, तर औषधांच्या जोडीने तो उलटण्याचं प्रमाण कमी होतं, हेही तितकंच खरं. म्हणजे आमची गरज आहे, फक्त मानगुटीवर बसलेली नको.

तेव्हा गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा आजपासून तुझ्या खोलीत. रविवारी तूच भरायचा. ‘गोळी घेतलीस का?’ हा प्रश्न घरातून बंद. मी लक्ष ठेवणार ते फक्त झोपेवर. मागच्या वेळी मेनिया, म्हणजे मनाचा तो चढ, येण्याआधी तू रात्री तीनला कपाटं आवरत होतीस आणि सकाळी सहाला टवटवीत होतीस. जागरणाने माणूस गळून जातो. झोप नाही आणि थकवाही नाही, ही तुझी खूण. लागोपाठ दोन रात्री तसं दिसलं तर मी बोलणार. चिडलीस तरी बोलणार.

आणि आत्ता बरी आहेस तोवर एक कागद लिहून ठेव. तब्येत बिघडली तर आधी कुणाला फोन करायचा, कुठलं औषध तुला सोसलं नव्हतं, बँकेचं कार्ड कुणाच्या हाती द्यायचं, कुठल्या नातेवाइकाला काही कळू द्यायचं नाही. (शेवटची यादी लांबेल याची मला कल्पना आहे.) डॉक्टरांनाही तो दाखव. वेळ आली तर आमच्या मनाने काही करण्याआधी आम्ही तो कागद उघडू.

आता आत्मविश्वासाचं. ‘तू करशील गं’ म्हणणारी माणसं तुझ्याभोवती पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच. पण अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलं की ‘हे मला जमतं’ ही खात्री सगळ्यात पक्की होते ती स्वतः करून पाहिल्यावर. दुसऱ्याच्या शाबासकीचा जोर त्यापुढे कमीच. मला ते पटतं, कारण घडताना पाहिलंय. नैराश्याच्या त्या दिवसांत मी कितीही समजावलं तरी तू दाराबाहेर पाऊल टाकत नव्हतीस. मग एकदा कुरियरवाला खालीच थांबला आणि तू घरातल्या चपला घालून एकटी जिना उतरलीस. पाकीट घेऊन वर आलीस ती धापा टाकत, पण चेहऱ्यावर ‘झालं की’ असं. पुढे कोपऱ्यापर्यंत, मग लायब्ररीपर्यंत. त्यात माझ्या भाषणांचा काडीचाही वाटा नव्हता.

कामावरही तसंच होऊ दे. पहिल्या आठवड्यात कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. आजारपणाबद्दल सहकाऱ्यांना किती सांगायचं ते तू ठरव. कुणी विचारलं म्हणजे उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. एखादा दिवस वाईट जाईल. साहेब बोलले तर वाईट वाटणारच, दर वेळी त्यात लक्षण शोधत बसू नकोस. आम्हीही नाही शोधणार, निदान प्रयत्न करू.

एका बाबतीत मात्र मी ऐकणार नाही. सगळं छान चाललंय, मग गोळी कशाला, असं कधीतरी वाटेल. तुझी गोळी लिथियमची, ते एकदम थांबवलं तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. बंद करायचं असेल तर डॉक्टरांशी वाद घाल, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे, पण परस्पर सोडू नकोस. उलट्या-जुलाब झाले तर त्यांना लगेच कळव, अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. डोकं दुखलं म्हणून न विचारता आयब्युप्रोफेन घेऊ नकोस, त्यानेही वाढतं.

गुरुवारच्या रक्त तपासणीला एकटी जा. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं, म्हणजे नऊला घेतलीस तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. तुला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी लिहिलं. एवढं पहाऱ्यात धरू नकोस.

तुझा,
बाबा