पाय गेले म्हणजे सगळं गेलं नाही

संपादक महोदय,

कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडले की 'आता त्याचे हाल करू नका' असं सांगणारे लगेच भेटतात. आमच्या 6 वर्षांच्या डॅशहुंडच्या, चिंगीच्या बाबतीतही भेटले, म्हणून लिहिते आहे.

सुरुवातीला ती सोफ्यावर चढेना, उचललं की केकाटे. पाय मुरगळला असेल म्हणून आम्ही दिवस घालवला, ही चूक आमचीच. दुसऱ्या सकाळी मागचे पंजे उलटे पडून फरशीवर नखं घासत होती, संध्याकाळपर्यंत ती पुढच्या दोन पायांवर सरपटू लागली. पहिल्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. तिला मागच्या पायांत वेदना कळतात का, हे कुणी पाहिलंच नाही.

ते पाहिलं शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाईंनी. त्यांनी चिमट्याने मागच्या पायाचं बोट करकचून दाबलं. पाय आखडला आणि माझा जीव भांड्यात पडला. पण त्यांची नजर पायाकडे नव्हतीच, चिंगीच्या तोंडाकडे होती. पाय आखडणं ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया, मेंदूशी संबंध तुटला तरी ती होते. पुन्हा दाबल्यावर चिंगीने मान वळवली आणि ती गुरगुरली. "कळतंय तिला," त्या म्हणाल्या.

मणक्यांमधली चकती फुटून तिचा गर मज्जारज्जूवर दाबला गेला होता. साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही, तो एमआरआयमध्ये दिसला. मणक्याची एका बाजूची कमान कोरून डॉक्टरांनी तो गर काढला. वेदनेची जाणीव शाबूत असेल तर शस्त्रक्रियेनंतर 10 पैकी 9 कुत्री पुन्हा चालतात, ती गेली असेल तर साधारण निम्मीच. आणि ही जाणीव काही तासांतही जाऊ शकते. (त्रास नुसत्या दुखण्यापुरता असेल तर पिंजऱ्यातल्या सक्तीच्या विश्रांतीनेही पुष्कळ कुत्री सुधारतात, प्रत्येकाला सुरी लागत नाही.)

खरी मेहनत घरी होती. चिंगीला लघवी होत नव्हती, दर 6 तासांनी ओटीपोट दाबून काढावी लागे. आत नेमकं काय दाबायचं ते दोन दिवस हाताला सापडेना. मग फुग्यासारखं ते गोल मूत्राशय एकदा बोटांत आलं आणि धार लागली. त्या धारेसाठी मी रडले.

पशुवैद्यांना हात जोडून विनंती, पाय लुळे पडलेलं कुत्रं आलं तर ती चिमट्याची परीक्षा करा आणि निकाल मालकाला स्पष्ट सांगा. मालकांनीही तो विचारून घ्यावा.

चिंगी आता चालते, मागून थोडी डुलत. सोफ्यापाशी आली की थांबते आणि उचलून घ्यायची वाट बघते.

आपली,
एक वाचक