वरच्या मजल्यावरच्या काकूंचे जाहीर आभार

तीर्थस्वरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

तुमचे नाव कुठेही लिहायचे नाही, अशी ताकीद तुम्ही दिली आहे आणि ती मी पाळत आहे. आभारही मानायचे नाहीत, ही तुमची दुसरी अट मात्र मला मान्य नाही. आईचा ओव्हन भंगारात जाता जाता वाचला तो केवळ तुमच्यामुळे, आणि ही गोष्ट जिन्यात भेट झाल्यावर दोन शब्दांत आटोपण्याजोगी नाही.

आई गेल्यापासून तो ओव्हन बंदच होता. शेवटच्या आजारपणात तिच्याने साफसफाई होत नसे, तरीही कुणाच्या वाढदिवसाचा केक किंवा दिवाळीची नानकटाई चुकली नाही. सांडलेले तूप, उतू गेलेला साखरेचा पाक, थरावर थर भाजत गेले आणि आतला निळसर एनॅमल पार दिसेनासा झाला. यंदा बाबांनी प्रथमच म्हटले की, त्याच ओव्हनमधली नानकटाई खावीशी वाटते. तेव्हा मी माणसे शोधू लागले.

दुरुस्तीसाठी बोलावलेल्या गृहस्थांनी दारातूनच आत डोकावून पाहिले, हातही न लावता ‘नवीन घ्या’ असा निकाल दिला आणि नव्या ओव्हनचे दरपत्रक माझ्या हाती ठेवले. त्यानंतर घरोघरी सफाई करून देणाऱ्या एका कंपनीची माणसे आली. त्यांच्या फवाऱ्याच्या डब्यावर कॉस्टिक सोडा असल्याचे ठळक अक्षरांत छापलेले होते, पण खिडकी उघडण्याचे सौजन्य त्यांनी दाखवले नाही. आतल्या खोलीत बाबांना खोकल्याची उबळ आली, ती कितीतरी वेळ थांबेना. तारेच्या घासणीने दाराच्या काचेवर ओरखडे पाडून, काळा थर जवळपास जसाच्या तसा ठेवून आणि पैसे पूर्ण घेऊन ती मंडळी निघून गेली. मला राग आला तो काम न जमल्याचा नव्हे. आपण कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी वस्तूला हात लावत आहोत, याचे भान त्यांच्यापैकी एकालाही नव्हते, याचा तो राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात त्या खाण्याच्या सोड्याची बरणी, पांढऱ्या व्हिनेगरची बाटली आणि जुन्या बनियनचे तुकडे घेऊन. ओव्हनचा प्लग काढलात, पण लगेच घासायला बसला नाहीत. बाहेरून सगळीकडे नजर फिरवलीत आणि तापमानाच्या बटणाशी थांबलात. त्या बटणाभोवतीचे आकडे केव्हाच पुसले गेले आहेत. नानकटाई जिथे नेमकी खुसखुशीत होते, त्या जागी आईने नेलपॉलिशचा एक लाल ठिपका देऊन ठेवला होता. ‘हा कुणी दिलाय?’ असे तुम्ही विचारलेत. मी सांगितले. तुम्ही पुढे काहीही बोलला नाहीत. चिकटपट्टीचा एक लहानसा तुकडा मागून घेतलात, तो ठिपक्यावर लावलात आणि त्याच्या कडा नखाने नीट दाबून बसवल्यात. मग म्हणालात, ‘सोड्याने हा जाणार नाही, पण घासताना हात लागला तर जाईल.’

काकू, पुढे जे झाले ते सारे मोलाचेच होते, पण माझ्यासाठी खरी मदत त्या क्षणी झाली. आधी येऊन गेलेल्यांनी तो ठिपका पाहिलाच नव्हता. पाहिला असता तर डाग समजून खरवडून काढला असता.

तुम्ही अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे, हे सोड्याचा लेप लावताना तुम्ही जे बोललात त्यावरून कुणीही ओळखले असते. तो काळा थर म्हणजे नुसती काजळी नसून, पुन्हा पुन्हा तापून रेणूला रेणू जोडला गेल्याने वार्निशासारखे घट्ट झालेले तूप असते. कॉस्टिक सोडा त्याच्यावर जोराने तुटून पडतो. खाण्याचा सोडा अगदी सौम्य अल्कली असल्याने त्याला जोर नसतो. म्हणून त्याला रात्रभर वेळ द्यायचा. सोडा आणि व्हिनेगर वाटीत एकत्र करून फेस काढायचा जो उपाय सगळीकडे सांगितला जातो, तो तुम्ही ठामपणे नाकारलात, कारण तिथे आम्ल आणि अल्कली एकमेकांनाच निकामी करतात आणि थराच्या वाट्याला काही उरत नाही. व्हिनेगरचे काम दुसऱ्या दिवशी, पुसून झाल्यावर मागे राहिलेला सोड्याचा पांढुरका थर काढण्याचे. तापणाऱ्या कांड्यांना लेपाचा थेंबही लागू दिला नाहीत. ॲल्युमिनियमचा ट्रे तर तुम्ही आधीच बाजूला काढला, सोड्याने तो काळवंडतो म्हणून, आणि तो लिंबाच्या सालीने उजळवलात. व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नकोस, त्यातून क्लोरीन वायू सुटतो, हे मात्र तुम्ही मला पुन्हा म्हणून दाखवायला लावले. सगळे झाल्यावर खिडक्या सताड उघडून ओव्हन काही वेळ रिकामाच तापवलात आणि बाबांना तेवढा वेळ गच्चीवर जाऊन बसायला सांगितलेत.

हे ज्ञान पुस्तकात मिळेल. पण दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूकडे पाहताना, तिच्यात कुणाचा जीव गुंतला असेल का, असा विचार आधी मनात येणे ही गोष्ट मोबदला देऊन मिळत नाही. अशी माणसे शेजारी असतात म्हणून घरांना वाडीचे किंवा सोसायटीचे रूप येते. नाहीतर ती एकावर एक रचलेली कुलूपबंद दारेच असतात. या इमारतीत तुमचे ऋण असलेली मी एकटीच नाही, हे मला ठाऊक आहे. कुणाच्या मुलाची गणिते, कुणाच्या बाळंतपणातला डिंकाचा लाडू, कुणाची रुग्णालयातली रात्र. त्यांच्याही वतीने हे लिहीत आहे.

मागच्या जाळीची एक कड अजून तपकिरी आहे. ‘राहू दे, हट्टाने घासशील तर एनॅमल जाईल,’ असे तुम्ही सांगितले होते, म्हणून मी तिला हात लावलेला नाही. पहिला घाणा काल निघाला. बाबांनी गरम असतानाच दोन खाल्ल्या. तुमची बरणी रिकामी परत करणे बरे दिसत नाही. बाबा ती संध्याकाळी स्वतः घेऊन वर येतील. त्यांना चहाला थांबवून घ्यावे, ही विनंती.

आपली नम्र,
खालच्या मजल्यावरची