वॉटर इंजेक्शन किटबद्दल तक्रार, पंप वायपरचा निघाला

नमस्कार,

तुमच्याकडनं टर्बो पेट्रोल गाडीसाठी वॉटर इंजेक्शन किट (इंजिनात जाणाऱ्या हवेत पाण्याचं बारीक धुकं मारायचं सामान) मागवलं होतं, बिल आणि फोटो सोबत जोडलेत. तुमच्या कस्टमर केअरवाल्यांना फोनवर सगळं सांगून झालंय, ते एकच म्हणतात की फिटिंग चुकलं असणार, म्हणून आता लेखी देतोय.

जाहिरातीत लिहिलंय १०० पीएसआय (दाब मोजायचं माप) दाबाचा डायफ्राम पंप. बॉक्समधनं जे निघालं ती सरळ सरळ काचेवर पाणी मारायची वायपरची मोटर आहे, वर तुमचा स्टिकर. मेकॅनिकने गेज लावून बघितलं तर नोझल बंद ठेवूनसुद्धा ३० पीएसआयच्या वर काटा जाईना. आता माझ्या गाडीचा बूस्टच, म्हणजे टर्बो हवा ज्या दाबाने इंजिनात ढकलतो तो, १५ पीएसआय, म्हणजे नोझल ज्या पाइपात बसवायचं तिथनंच एवढा दाब उलटा येणार, मग पाणी ढकलायला उरलं काय? धुकं व्हायच्या ऐवजी थेंब पडतात. आणि या सगळ्या खटाटोपाचा मुद्दाच तो आहे ना, पाणी बारीक उडालं तर वाफ होताना पेट्रोलच्या सहापट तरी उष्णता खातं, आतली हवा गार होते, नॉकिंग (पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटून इंजिन ठोकायला लागतं ते) थांबतं. थेंबांनी नुसता प्लग भिजतो आणि गाडी आचके देते, तेच चाललंय.

दुसरं त्याहून वाईट. लाइनमध्ये सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारा) नाही, साधा चेक व्हॉल्व्हपण (एकाच दिशेने जाऊ देणारा) नाही, आणि मॅन्युअलमधल्या चित्रात नोझल थ्रॉटलच्या (इंजिनात हवा कमीजास्त सोडणाऱ्या झडपेच्या) पुढे इंजिनच्या बाजूला दाखवलंय, जिथे आयडलिंगला व्हॅक्यूम असतो! पंप बंद असला तरी इंजिन पाणी ओढत राहतं. टाकी नोझलपेक्षा वर असेल तर गाडी बंद केल्यावरही सायफन होऊन पाणी सिलिंडरमध्ये उतरू शकतं, आणि सकाळी स्टार्टर मारला की पिस्टनचा रॉड वाकला, कारण पाणी काय दाबलं जात नाही. मेकॅनिकने वेळीच लाइन काढली म्हणून इंजिन वाचलं.

वेबसाइटवर दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे फोटो लावलेत, ठीक आहे, त्यांच्यात हे तंत्र होतंच. पण १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बो गाडीमध्येसुद्धा असंच इंजिनात मारायचं टाकीतलं लिक्विड संपलं की बूस्ट आपोआप कमी व्हायची सोय होती, तुमच्या किटमध्ये पाणी संपल्याचा साधा दिवा पण नाही.

मला दुसरी तसलीच मोटर नकोय. एकतर जाहिरातीत लिहिलेला पंप, सोलेनॉइड, चेक व्हॉल्व्ह आणि टाकीतलं पाणी संपल्याचं कळवणारा फ्लोट स्विच तुमच्या खर्चाने पाठवा, नाहीतर किट घेऊन जा आणि कुरिअरसकट पूर्ण पैसे परत करा. आणि ते मॅन्युअलमधलं चित्र आजच्या आज काढा, कोणीतरी तसंच फिट करेल. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर गेजचे फोटो घेऊन ग्राहक आयोगात जाणार आहे.

तुमचा एक वैतागलेला ग्राहक