अपघाताच्या बातमीखाली चार ओळी क्लेमच्या पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात दोन दिवसांआड बातमी असतेच, तवंदी घाटात कंटेनर-कारची धडक, वंटमुरीजवळ दुचाकीस्वार गंभीर, खानापूर रोडवर पादचाऱ्याला उडवलं, आणि शेवटी "जखमींवर उपचार सुरू आहेत" म्हणून बातमी संपते. पुढं त्या घरात काय होतंय ते कुठंच येत नाही. मी कोर्टाजवळ टायपिंगचं काम करतो, अपघाताच्या केसचे कागद रोज हाताखालून जातात, म्हणून हे लिहितोय. बऱ्याच लोकांचा भरपाईचा क्लेम बिघडतो तो पहिल्या चार-आठ दिवसांतच, दवाखान्याच्या केसपेपरवर नाहीतर पोलीस स्टेशनात, आणि त्यावेळी घरच्यांना कुणी काही सांगतच नाही.

वडगावातल्या एका यंत्रमाग कामगाराचं सांगतो. रस्ता क्रॉस करताना कारनं उडवलं, गुडघ्याखालचं हाड मोडलं. कारवाला माणूस बरा, स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं, पण बरोबरच्या कुणीतरी सांगितलं पोलिसांची भानगड नको, आणि केसपेपरवर लिहून घेतलं "जिन्यावरून घसरून पडला". थोडे पैसे हातात दिले, बाकीचं बघू म्हणाले. पुढं ऑपरेशन झालं, रॉड बसला, पैसे संपले, फोन उचलणं बंद झालं, मग तक्रार दिली. आता इन्शुरन्सचा वकील तोच केसपेपर दाखवून म्हणतोय की अपघात झालाच नाही. तो माणूस खोटं बोलत नाही हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत आहे, पण ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणारं कोर्ट, कागद बघतंय आणि पहिल्या कागदावर जिना लिहिलाय.

म्हणून दवाखान्यात पाय ठेवल्या ठेवल्या डॉक्टरना खरं काय ते सांगा, कुठल्या गाडीनं, कुठं, किती वाजता, आणि एमएलसी नोंद, म्हणजे पोलिसांना कळवायची केस म्हणून दवाखान्यातली नोंद, करायला लावा. "कशाला पोलिसात जातासा, कोर्टात वर्षं जातील" असं सांगणारे खूप भेटतात, पण एफआयआर नसेल तर पुढं सगळंच अवघड होऊन बसतंय. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. आपल्या हिकडं एफआयआर, पंचनामा सगळं कन्नडमध्ये असतंय आणि आपली वयस्कर माणसं न वाचता सही करून येतात. लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही असं कायदाच म्हणतो, तेव्हा वाचून दाखवा म्हणायला लाजू नका, नसेल समजत तर कन्नड येणारं शेजारचं कॉलेजचं पोरगं घेऊन जा. गाडीचा नंबर एका आकड्यानं चुकला तरी नंतर दुरुस्त करताना जीव जातो.

२०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला रिपोर्ट ट्रिब्युनलला द्यायचा आहे, ९० दिवसांत सविस्तर, आणि जखमीला किंवा घरच्यांना हक्कांचा फॉर्म १० दिवसांत हातात द्यायचा आहे. माझ्याकडं येणाऱ्यांतल्या बहुतेकांनी तो फॉर्म बघितलेलाच नसतो.

दुसरं, थर्ड पार्टी इन्शुरन्स म्हणजे काय यावरच घोळ आहे. तो असतो आपल्या गाडीनं दुसऱ्याला लागलं तर त्याला भरपाई देण्यासाठी, आपल्या गाडीचा पत्रा त्यातून दुरुस्त होत नाही. स्वतः गाडीमालक गाडी चालवत असताना जखमी झाला तर त्याच्यासाठी १५ लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर वेगळं असतं, पॉलिसी घेताना ते आहे का बघा. आणि धडक देऊन पळून गेलेल्या गाडीचा पत्ताच लागला नाही तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात, हे तर कुणालाच माहीत नसतंय. २०२५ पासून अपघातापासूनच्या ७ दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना पण आहे, योजनेतल्या दवाखान्यात विचारा, ॲडव्हान्स भरायची घाई करू नका.

सीमाभागातल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. चंदगडचा माणूस बेळगावच्या बाजारात येतो आणि इथं अपघात होतो, किंवा निपाणीचा कागलजवळ पडतो, मग दोन राज्यांचे दोन दवाखाने, कोल्हापूर-मिरजेला हलवलं तर अजून तिसरा, आणि घरच्यांना वाटतंय आता दुसऱ्या राज्यात कोर्टाच्या खेपा कोण मारणार. मोटार वाहन कायद्याच्या १६६ कलमात स्पष्ट आहे, अपघात झाला तिथं, किंवा आपण राहतो तिथं, किंवा समोरचा राहतो तिथं, कुठल्याही एका ठिकाणच्या ट्रिब्युनलमध्ये अर्ज करता येतो. गाडी केए असो की एमएच. फक्त दवाखाना बदलताना डिस्चार्ज समरी, एक्सरे आणि बिलं ओरिजिनल घेऊनच बाहेर पडा. अर्ज करायची मुदत कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची आहे, तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय हे खरं, पण त्या भरवशावर राहू नका. व्याज पण अर्ज केल्याच्या आधीचं मिळत नाही.

आता पैशाचं. डॉक्टर सर्टिफिकेट देतात १५ टक्के अपंगत्व आणि लोक समजतात भरपाई पण तेवढीच. तसं नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की शरीर किती अधू झालं यापेक्षा त्या माणसाची कमाई किती गेली ते बघा. ऑफिसात बसणाऱ्याचा पाय अधू झाला तरी टेबल सुटत नाही, पण दिवसभर मागाजवळ उभा राहणाऱ्याचं कामच जातंय. हिशोब करून बघा, ३८ वर्षांचा माणूस, महिना १५ हजार, वर्षाचे १ लाख ८० हजार, या वयाला गुणक (वर्षाची कमाई जितक्या पट धरतात तो आकडा) १५, म्हणजे २७ लाख. १५ टक्के धरलं तर ४ लाख ५ हजार, आणि कमाईचं नुकसान ४० टक्के आहे हे पटवून दिलं तर १० लाख ८० हजार, पुढच्या पगारवाढीची टक्केवारी मिळवली तर अजून वाढतंय. पण पटवायला डॉक्टरची साक्ष लागते आणि कमाईचा पुरावा लागतो. आपल्याकडं मजुरी रोख मिळते, म्हणून निदान मालकाचं पत्र, हजेरीची वही, बँक पासबुक, जे असेल ते जपून ठेवा. घरातल्या बाईचा अपघात झाला तर "तिची कमाई काय" म्हणून सोडून देऊ नका, घरकामाची किंमत धरूनच भरपाई ठरते.

दवाखान्याच्या बाहेर टक्केवारीवर क्लेम करून देतो म्हणणारे एजंट असतात, कोऱ्या कागदावर सह्या घेतात. निकालावर टक्केवारी ठरवून फी घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमानं बंदी आहे. लोक अदालतमध्ये तडजोड करायला हरकत नाही, लवकर पैसे मिळतात, पण तिथल्या निकालावर अपील नाही, म्हणून रॉड काढायचं ऑपरेशन अजून बाकी असेल तर तो खर्च धरल्याशिवाय सही करू नका.

आपल्याकडं विनंती एवढीच, अपघाताच्या बातमीखाली एमएलसी, एफआयआरची फुकट कॉपी, सहा महिन्यांची मुदत आणि घराजवळ अर्ज करता येतो एवढ्या चार ओळींची चौकट रोज छापा. आणि तो हक्कांचा फॉर्म बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पोलीस स्टेशनात कन्नडबरोबर मराठीत पण ठेवावा, यासाठी पोलीस आयुक्त आणि जिल्हा पोलीस प्रमुखांकडं आपण पाठपुरावा करावा.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव