लॅपटॉपवरचा प्रत्येक स्वर आयता नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सवातील भक्तिगीतांच्या कार्यक्रमांत लॅपटॉपवरून येणारे स्वर म्हणजे दुसऱ्याच्या वादनाचे ध्वनिमुद्रित तुकडे असतात आणि वादक नुसती बटणे दाबतो, असे एका वाचकांचे पत्र आपल्या सदरात नुकतेच वाचले. बेळगाव-खानापूर परिसरात गेली अनेक वर्षे हार्मोनियम आणि कीबोर्डची साथ करीत असल्याने लिहितो की, सॅम्पलवर, म्हणजे अशा मुद्रित तुकड्यांवर, चालणाऱ्या वाद्यांपुरते हे खरे आहे. ‘व्हर्च्युअल अॅनालॉग’ सॉफ्टवेअर सिंथेसायझरला ते लागू पडत नाही.

या वाद्यात मुद्रित आवाज नसतोच. 1970 साली आलेल्या मिनीमूग या इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरमध्ये तीन ऑसिलेटर विजेपासून लहरी निर्माण करीत आणि फिल्टर त्यांतले वरचे उपस्वर (मूळ स्वरात मिसळलेले उंच स्वर) छाटून आवाज घडवी. त्या सर्किटांची वागणूक या सॉफ्टवेअरमध्ये गणिताने उभी केलेली असते आणि प्रोसेसर सेकंदाला किमान 44,100 वेळा लहरीची उंची नव्याने काढतो. करवती लहरीत मूळ स्वराचे सगळे उपस्वर असतात, चौकोनी लहरीत फक्त विषम. त्यांतले किती ठेवायचे आणि किती गाळायचे, हे वादकच ठरवतो.

आमच्यासारख्यांना हे वाद्य जवळचे वाटते ते मात्र श्रुतींमुळे. सेंट म्हणजे सप्तकाचा 1200वा भाग. हार्मोनियमचा गांधार षड्जापासून 400 सेंटवर, तर तंबोऱ्याच्या नादात ऐकू येणारा सुमारे 386 सेंटवर. भूप गाणाऱ्याला हे 14 सेंट दातांत खडा यावा तसे लागतात आणि आपल्याकडचे श्रोतेही ते ऐकून सोडून देत नाहीत. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, त्यामागे असेच आक्षेप होते. सर्ज एक्सटी या विनामूल्य सिंथेसायझरमध्ये मात्र सप्तकाची फाइल घालून प्रत्येक स्वर हवा तिथे बसवता येतो. शहापुरातल्या घरी मी तंबोऱ्यासमोर तसा गांधार लावला, तेव्हा दोन स्वरांतली थरथर हळूहळू मंदावत थांबली. ग्लाइड वापरून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरताही येते. त्याला मींड म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, कारण मींडेतले रेंगाळणे त्यात आपोआप येत नाही.

दोष आहेतच. भजनाच्या एका तालमीत माझा बफर, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधी लॅपटॉप लहरीच्या जितक्या उंची साठवून ठेवतो तो साठा, 1024 नमुन्यांवर राहून गेला होता. नुसत्या त्यानेच 23 मिलिसेकंदांचा उशीर होतो, वर साउंडकार्डाचा वेगळा, आणि पखवाजाच्या थापेमागून माझा स्वर फरफटत येऊ लागला. बफर 128 वर आणला तर जुना लॅपटॉप तडतडू लागला. शेवटी बुवांनी हातानेच खूण केली आणि मी पेटी पुढे ओढली. शिवाय प्रीसेट, म्हणजे वाद्यात आधीच घडवून ठेवलेले आवाज, लावून रात्र काढणारे वादक आमच्यात पुष्कळ आहेत, त्यांच्याबाबत सदर वाचकांचा राग रास्तच आहे. परंतु तो वादकांवर असावा, वाद्यावर नव्हे.

त्यांची इच्छा असल्यास त्यांनी एखाद्या गुरुवारी शहापुरात आमच्या तालमीला जरूर यावे. तंबोरा लावून ठेवू, गांधार त्यांनी स्वतःच्या हाताने जुळवून पाहावा.

आपला,
एक साथीदार, शहापूर, बेळगाव