पंक संगीत : वेष्टनावर छापलेला हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ब्रिटिश पंक, म्हणजे १९७० च्या दशकातल्या बंडखोर रॉक संगीतावर आलेला लेख वाचला. इंदूरच्या मराठी वाचकापुढे हा विषय आणल्याबद्दल आभार. पण निम्मा लेख सेफ्टी पिना, रंगवलेले केस आणि टीव्हीवरची शिवीगाळ यांतच संपला आणि कामगारवर्गाचा निषेध या गाण्यांत नेमका कुठे होता ते आलंच नाही. एक चूकही राहिली आहे. तीन कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वरसमूह) काढून दाखवणारी आणि ‘आता बँड काढा’ म्हणणारी ती प्रसिद्ध आकृती ‘स्निफिन ग्लू’ या पंक नियतकालिकातली नाही; ती जानेवारी १९७७ च्या ‘साइडबर्न्स’ या घरगुती छपाईच्या अंकातली. ते कॉर्ड होते ए, ई आणि जी.

सगळ्या पंक गायकांना सरसकट गिरणी-खाणीतली पोरं म्हणणंही बरोबर नाही. ‘द क्लॅश’ या बँडचा जो स्ट्रमर परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा, निवासी शाळेत शिकलेला. ‘सेक्स पिस्टल्स’चा जॉन लायडन उत्तर लंडनमधल्या आयरिश कामगार कुटुंबातला. अस्सल कामगारवस्तीतला आवाज ऐकायचा तर ईशान्य इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सच्या ‘एंजेलिक अपस्टार्ट्स’ या बँडकडे जावं लागतं. त्यांची पहिली तबकडी १९७८ ची, स्वतःच काढलेली. लिडल टॉवर्स या इलेक्ट्रिशियनला १९७६ मध्ये पोलिसांनी पकडलं, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच तो मरण पावला. त्या तबकडीवरच्या गाण्याच्या शीर्षकातच त्याचं नाव आहे आणि त्या मृत्यूला थेट खून म्हटलेलं आहे. १९७८ मध्येच ‘शॅम ६९’ या बँडने पोरांनो एक व्हा, असं सांगणारं धृपद गाजवलं. फुटबॉलच्या स्टँडात गावं तसं, कुणालाही पहिल्याच ऐकण्यात उचलता येणारं. पण कुणाविरुद्ध एक व्हायचं ते त्यात नव्हतं. बँड स्वतः वंशवादाविरुद्ध होता, तरी नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाचे स्किनहेड, म्हणजे डोकं भादरलेले तरुण, त्याच्या कार्यक्रमांना यायचे, दंगा करायचे आणि कार्यक्रम उधळायचे. निषेधाचं गाणं लिहिणाऱ्याने या दोन तबकड्या शेजारी ठेवून ऐकाव्यात.

भारतीय वाचकासाठी लंडनच्या साउथॉल या भारतीय वस्तीचा उल्लेख हवाच होता. जून १९७६ मध्ये तिथे गुरदीपसिंग चग्गर या तरुणाचा खून झाला. ऑगस्टमध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध भाषण केलं, आणि त्यावर संतापून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही वंशवादविरोधी चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ ला ट्रफाल्गर चौकातून निघालेला मोर्चा लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये पोचला, तिथे ‘द क्लॅश’ आणि ‘एक्स-रे स्पेक्स’बरोबर ‘स्टील पल्स’ हा रेगे बँडही वाजला. पुढे ‘एलियन कल्चर’ हा मुख्यतः पाकिस्तानी वंशाच्या पोरांचा पंक बँडही याच चळवळीतून वर आला.

आता मुख्य मुद्दा. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडने २८ डिसेंबर १९७६ ला चार गाणी तीन तासांत ध्वनिमुद्रित केली, मिश्रणाला आणखी दोन तास. पाचशे पौंड उसने घेऊन हजार प्रती काढल्या आणि वेष्टनावर प्रत्येक गाण्याचा कितवा टेक (ध्वनिमुद्रणाचा प्रयत्न), वरून गिटार भरली की नाही, तेही छापून टाकलं. लंडनच्या ‘डेस्परेट बायसिकल्स’ची पहिली तबकडी १५३ पौंडांत झाली. ‘स्क्रिटी पोलिटी’ने १९७८ मध्ये ध्वनिमुद्रण, मास्टरिंग (छपाईआधीची अंतिम प्रत) आणि छपाईचा खर्च वेष्टनावरच मांडला. रेकॉर्ड कंपनी मालाला किती लावते आणि किती कमावते, हे दुकानात उभ्या पोराला आकड्यांत दिसू लागलं. माझ्या मते पंकचं सर्वांत टिकाऊ राजकारण हे आहे.

आपल्याकडे गाण्यांना विषयांची वाण नाही. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकीत रकमांचा प्रश्न डिसेंबर २०२३ पर्यंत लोंबकळला. या शहरात कुणी तरुण मंडळ असं गाणं बसवणार असेल, तर आधी आवाजाचं गणित सांभाळावं, कारण पंकची नक्कल हमखास तिथेच फसते. गिटारवर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम, लावून पूर्ण कॉर्ड वाजवला की चिखल होतो. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वरांच्या फरकाचा तिसरा स्वर उमटतो. षड्ज आणि पंचम यांचा तो फरक खालच्या षड्जावरच बसतो, म्हणून आवाज भरीव होतो. पण पडद्यांच्या गिटारवरचा गांधार शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो आणि त्याचे फरक-स्वर कुठेच नीट बसत नाहीत. म्हणून गांधार सोडावा, जाड तारांवर सा-प एवढंच धरावं आणि सगळे फटके वरून खाली मारावेत.

लय मिनिटाला १६० ते १८० मात्रा. १८० च्या लयीत धाकट्या अभंगाचा आठ अक्षरी चरण चार मात्रांत म्हटला, तर सेकंदाला सहा अक्षरं पडतात. मराठी शब्द इथवर कळतात. त्यापुढे जोडाक्षरं गिळली जातात आणि निषेध कुणापर्यंत पोचत नाही. धृपद झीलकऱ्यांकडे, म्हणजे मागून सूर धरणाऱ्या साथीदारांकडे द्यावं, शाहिरीत आपल्याला ते बांधून मिळालेलंच आहे.

छोट्या सभागृहात ड्रमला माइक लागत नाही. आधी गळ्याचा आवाज ठरवावा, मग त्याखाली गिटार आणावी. बहुतेक जण उलटं करतात आणि शेवटी माइक वाढवायला गेलं की शिट्टी सुटते. व्यंजनं ज्या पट्टीत ऐकू येतात, साधारण २ ते ४ किलोहर्ट्झ, तिथे गिटार कमी करावी. स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला. आणि जोश दाखवायला माइकची जाळी मुठीत धरू नये. तसं केलं की मागचा आवाज रोखण्याची माइकची क्षमता जाते आणि शब्दही बोदे होतात.

गाणी छापील स्वरूपात किंवा तबकडीवर काढणाऱ्यांनी वेष्टनावर स्टुडिओचे तास, त्यांचा दर, छपाईचा खर्च आणि कमाल किंमत जरूर छापावी. मात्र ‘क्रास’ या ब्रिटिश पंक बँडचं काय झालं ते आधी पाहावं. त्यांनी १९७९ मध्ये एक तबकडी ४५ पेन्सला काढली. बाजारभावाच्या जवळपास निम्मी. हिशेबात मूल्यवर्धित कर धरायचा राहिला आणि प्रत्येक प्रतीमागे तोटा झाला. आपल्याकडे छपाईच्या बिलावर भरलेला जीएसटी नोंदणी नसलेल्या मंडळाला परत मिळत नाही. तो प्रतींच्या संख्येने भागून आधी खर्चात मिळवावा, आणि मगच वेष्टनावर किंमत टाकावी.

आपला,
एक वाचक
रामबाग, इंदूर