जागा किती गेल्या ते छापा, पण नियमही छापा

महोदय,

ब्रिटनमध्ये स्थानिक निवडणुकांचे निकाल सत्ताधारी पक्षावर उलटले की आपल्याकडच्या बातम्यांत दोनच गोष्टी येतात: किती जागा गेल्या आणि पंतप्रधान जाणार का. पहिल्या आकड्यावरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते पक्षाच्या नियमावलीत दडलेले असते आणि नेमकी तीच बातमीतून गळते.

मुळात जागांचा आकडाही जपून वाचावा लागतो. तिथे सगळ्या स्थानिक संस्थांची निवडणूक एकाच वर्षी होत नाही आणि बहुतेक जागांची पाळी चार वर्षांनी येते. २०१९ मध्ये हुजूर पक्षाने तेराशेहून अधिक नगरसेवक गमावले. त्यातल्या बहुतेक जागा आधी लढल्या गेल्या होत्या २०१५ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्याच दिवशी, ज्या दिवशी पक्षाला देशात बहुमत मिळाले. घसरण शिखरावरून मोजली गेली, हे कुणी सांगितले नाही. खासदार मात्र देशाच्या बेरजेत फारसा अडकत नाही. तो आपल्या मतदारसंघातल्या प्रभागांची मते एकत्र करून स्वतःची खुर्ची राहते का ते बघतो. शिवाय पडलेला नगरसेवक म्हणजे त्याची पत्रके वाटणारा, त्याच्यासाठी दारोदार फिरणारा माणूस. तो हातचा गेला की खासदाराचे धाबे दणाणते.

पुढे काय होणार, हे पक्ष कोणता यावर ठरते. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या वेळी हुजूर पक्षात नियम असा होता: १५ टक्के खासदारांनी '१९२२ समिती'च्या (पक्षाच्या मंत्री नसलेल्या खासदारांच्या संघटनेच्या) अध्यक्षांना पत्र दिले की नेत्यावर पक्षांतर्गत विश्वासमत घ्यावेच लागे. पत्रे गुप्त असतात, मागेही घेता येतात आणि खरी संख्या अध्यक्षांखेरीज कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा 'इतकी पत्रे जमली' अशी बातमी हा अंदाजच समजावा. खासदाराच्या या पत्रात पर्यायी नेत्याचे नाव द्यावे लागत नाही, म्हणून नाराजांची मोट बांधणे सोपे जाते. २०२२ च्या मे महिन्यात पक्षाने सुमारे पाचशे नगरसेवक गमावले. पक्षाचे खासदार ३५९, म्हणजे ५४ पत्रे पुरेशी होती. ६ जूनला मतदान झाले आणि जॉन्सन २११ विरुद्ध १४८ असे जिंकले. नियमाप्रमाणे वर्षभर पुन्हा ठराव येऊ शकत नव्हता.

तरीही महिन्याभरात त्यांना जावे लागले. ५ जुलैला आरोग्यमंत्री साजिद जाविद आणि अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी काही मिनिटांच्या अंतराने राजीनामे दिले आणि मग रीघच लागली. रिकाम्या जागा भरायला माणसे मिळेनात. नव्याने नेमलेल्या शिक्षणमंत्री मिशेल डोनेलन दोन दिवसही टिकल्या नाहीत. जॉन्सन यांच्या आधीच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचेही तसेच. डिसेंबर २०१८ मध्ये त्या २०० विरुद्ध ११७ असे विश्वासमत जिंकल्या, पण २०१९ च्या स्थानिक निवडणुकांतल्या, वर सांगितलेल्या पडझडीनंतर, २४ मे २०१९ ला, त्यांना पायउतार होण्याची घोषणा करावी लागली. संरक्षणाचे वर्ष कागदावरच राहिले. विश्वासमतात विरोधी मते एक तृतीयांशाच्या वर गेली की नेता जिंकूनही दुबळा होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मजूर पक्षाचे गणित वेगळे. तिथे नेत्याला आव्हान द्यायचे तर २० टक्के खासदारांचा पाठिंबा लागतो आणि तोही एकाच नावामागे. २०२४ मध्ये निवडून आलेल्या ४११ खासदारांवर हिशेब केला तर ८३ सह्या. दीडशे खासदार नाराज असले, पण ते तीन इच्छुकांत सारखे विभागले गेले, तर प्रत्येकाच्या मागे पन्नास उरतात आणि कोणालाच उभे राहता येत नाही. इच्छुक स्वतः खासदार हवा. एखादा लोकप्रिय महापौर कितीही गाजत असला तरी त्याला आधी संसदेत यावे लागते. विद्यमान नेत्याला मात्र सह्या लागतच नाहीत, त्याचे नाव मतपत्रिकेवर आपोआप येते. म्हणून तिथे दबाव मंत्र्यांकडून येतो. २००६ च्या मे महिन्यात स्थानिक निवडणुकांत फटका बसल्यावर मजूर पक्षाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळात फेरबदल केले. सप्टेंबरमध्ये त्यांनी पायउतार व्हावे असे सांगणारे खासदारांचे पत्र आले, एका कनिष्ठ मंत्र्याने आणि मंत्र्यांच्या काही संसदीय सहायकांनी राजीनामे दिले, तेव्हा वर्षभरात जाण्याचे त्यांना जाहीर करावे लागले. मतदान झालेच नाही.

शेवटचा शब्द कोणाचा, हाही प्रश्न आहेच. २०२२ मध्ये जॉन्सन यांचा वारस निवडताना हुजूर खासदारांच्या अखेरच्या फेरीत सुनक १३७, लिझ ट्रस ११३ आणि पेनी मॉरडंट १०५ अशी मते पडली. पहिल्या दोघांतून पक्षसदस्यांनी ट्रस यांना निवडले. खासदारांपैकी एक तृतीयांशापेक्षाही कमी लोकांची पसंती असलेल्या पंतप्रधानाला अडचणीच्या वेळी सभागृहात पाठीशी उभे राहणारे सापडणे अवघडच. दीड महिन्यातच त्यांनी राजीनामा जाहीर केला. पक्ष सत्तेत असताना ही निवड खासदारांनीच करावी, असे मला ठामपणे वाटते.

आणखी एक विनंती. 'पंतप्रधानांचा राजीनामा' असा मथळा घाईने देऊ नये. ७ जुलै २०२२ ला जॉन्सन यांनी पक्षनेतेपद सोडत असल्याचे जाहीर केले. पंतप्रधानपदावर ते ६ सप्टेंबरपर्यंत होते.

आपला,
एक वाचक